सावत्र बापाच्या माथी सवतीचं भांडण

‘सावत्र म्हणजे परका, परका माणूस बाप कसा होईल?’ विठ्ठलवाडीच्या चाळींतून हा सवाल आजही छातीठोकपणे केला जातो. शब्दातच दुरावा आहे, मग नात्यात माया कुठून येणार, असा वर भाषेचा दाखला. हा दाखलाच मुळात लंगडा आहे.

‘सावत्र’ हा ‘सवत’च्या घराण्यातला शब्द. संस्कृतातल्या ‘सपत्नी’ची मराठीत सवत झाली. त्याच मुळाचा ‘सापत्न’ आजही तोंडी आहे. लोकल रखडली की ‘कल्याणपलीकडच्यांना कायम सापत्न वागणूक’ असं फलाटावर कोणीतरी म्हणतंच. त्यातला हेवा एका नवऱ्याच्या दोन बायकांचा, वाटणीचा. पण आईचा पहिला नवरा वारलेला असतो किंवा काडीमोड झालेला असतो. सावत्र बापाच्या संसारात सवत आहेच कुठे? दुसऱ्यांच्या भांडणाचा शब्द त्याला चिकटला, एवढंच.

‘आपल्यात असली नाती नव्हती,’ हा दुसरा आक्षेप. विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. त्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रातल्या अनेक जातींत पाट लागत, मोहतूर होत. आईचं बोट धरून नव्या घरी आलेली मुलं तेव्हाही होती. ज्यांच्यात पुनर्विवाहाला बंदी होती, त्यांची रीत साऱ्या महाराष्ट्राच्या नावावर खपवू नये.

राहिला रक्ताचा मुद्दा. ‘रघुवंशा’त कालिदास प्रजेला वळण लावणाऱ्या, तिचं रक्षण-पोषण करणाऱ्या दिलीपालाच तिचा पिता म्हणतो, जन्मदाते केवळ जन्माचे कारण. तोच निकष इथे लावा. पाळी संपवून आल्यावर मुलीच्या दप्तराच्या अडकलेल्या चेनला मेणबत्ती घासत बसणारा, पालकसभेसाठी खाडा करून पगार कापून घेणारा माणूस बाप नाही, तर कोण?

न्यायालयानंही हे ओळखलं आहे. मुलाच्या कागदपत्रांत आईच्या दुसऱ्या पतीची ‘सावत्र पिता’ अशी नोंद करण्याचा आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये रद्द केला. त्या आदेशाला जवळजवळ क्रूर म्हणताना न्यायालयानं मुलाच्या मनाचा आणि स्वाभिमानाचा विचार केला.

वारसाहक्काच्या कामात नातं नेमकं लिहावं लागतं; तिथे ‘सावत्र’ जरूर लिहा. मुलांच्या देखत, शेजारीपाजारी, लग्नपत्रिकेत त्या शब्दाचं काहीच काम नाही. ज्यानं वाढवलं, त्याला बाप म्हणा आणि बापाचा मान द्या.