कॅमेऱ्यामागची नीयत

गेल्या हिवाळ्यात परतीच्या प्रवासात एसटी एका तालुक्याच्या स्टँडवर थांबली. कंडक्टर म्हणाला, पंधरा मिनिटं. असरची वेळ निघून चालली होती. स्टँडच्या मागच्या भिंतीजवळ, कुणाच्या वाटेत येणार नाही अशा जागी मी रुमाल अंथरला. मुसाफिराला असरच्या चारऐवजी दोनच रकअत पुरतात, तीन-चार मिनिटांचं काम. सलाम फेरला तेव्हा खांद्यापलीकडे वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा मोबाईल धरून उभा दिसला.

"कशासाठी काढतोयस बाळा?" मी विचारलं.

"पब्लिक प्लेस आहे काका. कुणीही काढू शकतो."

बस सुटत होती. मी गप्प बसलो. पण पुढचे तीन दिवस त्या गावाचं नाव टाकून फेसबुक, इन्स्टाग्राम चाळत राहिलो. घरात कुणाला सांगितलं नाही. व्हिडिओ काही दिसला नाही. तरी ते तीन दिवस मी गुन्हेगारासारखे काढले, कुणाचंही काही न बिघडवता.

ही भीती उगाच नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यात नमाज पढणाऱ्या काही स्त्रियांचा व्हिडिओ पसरला. पुढे खासदार मेधा कुलकर्णी यांच्या पुढाकाराने तिथे गोमूत्र शिंपडून 'शुद्धीकरण' झालं आणि त्या स्त्रियांवर गुन्हाही दाखल झाला. संरक्षित वास्तूचे नियम असतील, तर ते पहारेकऱ्याने दोन शब्दांत सांगता आले असते. पण दोन शब्दांनी व्ह्यूज मिळत नाहीत.

त्या मुलाचं उत्तर नीट ऐका. मी 'कशासाठी' विचारलं, त्याने 'हक्क आहे' असं सांगितलं. हक्क हे कारण नसतं. आणि तो हक्कही त्याला वाटतो तेवढा मोकळा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी निकालात खाजगीपणाला मूलभूत हक्क मानलं आणि माणूस केवळ सार्वजनिक जागी आहे म्हणून त्याचा खाजगीपणा संपत नाही, असंही स्पष्ट केलं.

मग कारण काय? पहिलं कारण पैसा. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळवायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास पाहिलं जाणं, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. बेकार पोराला हे आकडे नोकरीसारखे दिसतात. आणि लोकांचा राग हा सगळ्यात स्वस्त कच्चा माल. टोपी, बुरखा, दाढी फ्रेममध्ये आली की तो आयताच मिळतो.

दुसरं कारण मर्दुमकी. २८ ऑगस्ट २०२४ रोजी धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये गोमांसाच्या संशयावरून एका वृद्ध मुसलमानाला मारहाण झाली. मुलीकडे निघालेला तो म्हातारा माणूस मार खात होता आणि डब्यात मोबाईल चालू होते. लेकाच्या वयाची पोरं त्याला शिव्या देत होती, हे आपण सगळ्यांनी पाहिलं.

कुणी म्हणेल, तो व्हिडिओ पसरला म्हणून तर गुन्हा दाखल झाला. बरोबर. म्हणूनच मी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड गुदमरत होता, तेव्हा डार्नेला फ्रेझर ही सतरा वर्षांची मुलगी मोबाईल धरून उभी राहिली. २०२१ मध्ये पुलित्झर मंडळाने तिचा खास गौरव केला. तिनेही पब्लिक प्लेसमध्येच, परवानगी न घेता चित्रण केलं. फरक कुठे आहे? तिचा कॅमेरा वर्दीकडे होता. त्या मुलाचा कॅमेरा सजद्यात कपाळ टेकलेल्या माणसाच्या पाठीकडे होता. कॅमेरा बलवानाकडे वळलाय की एकट्या-दुकट्याकडे, हे पाहिलं की नीयत कळते.

आता आपल्या घरात पाहू, कारण दुसऱ्याला झोडपून थांबणं सोपं आहे. रमजानमध्ये राशन किट वाटताना विधवा बाईच्या हातात पिशवी देऊन, तिचा चेहरा कॅमेऱ्याकडे वळवून, चार पदाधिकारी दात काढून उभे राहतात. तो व्हिडिओ मोहल्ल्याच्या ग्रुपवर फिरतो. दुसऱ्या दिवशी तिची पोरं मदरशात जातात तेव्हा बाकीच्या पोरांनी तो पाहिलेला असतो. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, ही आपली शिकवण. इथे साऱ्या तालुक्याला कळतं. याला रिया म्हणतात, भले मागे नात लावलेली असो.

बुखारी शरीफची सुरुवातच नीयतीच्या हदीसने होते. सूरह हुजुरातमध्ये लोकांची टोह घेण्यास, तजस्सुस करण्यास मनाई आहे. ही मनाई एसटी स्टँडवरच्या मुलाला आपण ऐकवू शकणार नाही, पण मोहल्ल्याच्या कमिटीला नक्की ऐकवू शकतो. म्हणून येत्या रमजानसाठी माझं एवढंच मागणं आहे: घेणाऱ्याचा एकही फोटो नको. हिशेब हवा असेल तर पावत्या मशिदीच्या फळ्यावर लावा.

आणि त्या मुलाला पुन्हा भेटलो, तर मी तोच प्रश्न विचारणार आहे. कशासाठी? या वेळी बस सुटली तरी चालेल.