टबावर छप्पर घालावे का?

कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोली या पट्ट्यात शेतघरे वाढली, तसे त्यांच्या मागच्या अंगणात गरम पाण्याचे टबही आले. बहुधा मुलांनी आईवडिलांच्या गुडघेदुखीसाठी हौसेने बसवलेले. पहिला पावसाळा तोंडावर आला की विचारणा होते, यावर छप्पर घालावे का? माझे उत्तर असे: घरातील वृद्ध माणसे टब वापरणार असतील तर अवश्य घालावे. मात्र त्याचे खरे काम टब झाकण्याचे नव्हे, टबापर्यंतची वाट कोरडी ठेवण्याचे आहे.

गरम पाण्यात त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. अशा वेळी एकदम उठून उभे राहिले की भोवळ येते. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांना ती अधिक संभवते. नेमक्या त्याच क्षणी ओला पाय शेवाळलेल्या शहाबादी फरशीवर पडतो. सत्तरीत खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने अनुभवले आहे त्याला वेगळे सांगायला नको. म्हणून छप्पर मागील दारापासून टबापर्यंत सलग असावे, पन्हळीचे पाणी वाटेवर न पडता दूर जावे, फरशी खडबडीत असावी आणि दोन्ही बाजूंना हाताशी दांडा असावा. पैसे बेताचेच असतील तर आधी दांडा आणि फरशी. छप्पर पुढल्या वर्षी.

भिंती मात्र घालू नयेत. कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचा जंतू वाढू शकतो. पाण्याच्या फवाऱ्यातून उडणाऱ्या तुषारांबरोबर तो फुप्फुसात गेला की न्यूमोनिया होतो. वृद्ध, धूम्रपान करणारे आणि दम्याचे जुने रुग्ण यांना त्याचा धोका अधिक. कोंदट खोलीत हे तुषार आणि क्लोरीनचा वास साचून राहतात. पाणी गॅस गीझरवर तापत असेल, तर बंदिस्त जागेत वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. तिरका पाऊस अडवायला गुंडाळता येणारे पडदे पुरेत.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात पत्रे कसे उडाले, ते आपण पाहिले आहे. खांब पक्क्या पायात रोवून घ्यावेत. विजेच्या जोडणीला ईएलसीबी हवाच. छपराने आकाशातील विजेपासून मात्र रक्षण होत नाही. गडगडाट ऐकू येताच पाण्यातून बाहेर पडून घरात जावे.

पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर नको आणि एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरेत. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी पायाने पाणी अजमावू नये. सोबत्याने तापमापीने पाहावे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा अंगावर उघडी जखम असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याविना टबात उतरू नये.

पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या गरम कुंडात वडीलधारी माणसे पूर्वीपासून उतरत आली आहेत, पण तिथे चार माणसे आजूबाजूला असतात. घरच्या टबात दुपारी, सगळे निजले असताना, आजोबा एकटेच उतरतात. छपराखाली एक खुर्चीही ठेवा, सोबत बसणाऱ्यासाठी. आणि आठवडाभर घर बंद राहणार असेल तर टब रिकामा करून झाका. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढायला तेवढे दिवस पुरतात.