महाल नव्हे, मकबरा

आमच्या गावातले इतिहास मंडळ वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर महिन्याला एक व्याख्यान ठेवते. गेल्या महिन्याचा विषय होता अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, 'चांदबीबी महाल'. शहराच्या पूर्वेला शाह डोंगरावर उभी असलेली ही तीन मजली अष्टकोनी इमारत लांबून दिसते. शाळेच्या सहलीही तिथे जातात आणि मुले वहीत लिहितात, 'राणीचा महाल पाहिला.'

वक्त्यांनी पडद्यावर तळघराचा फोटो दाखवला. त्यात कबरी होत्या, उत्तर-दक्षिण. आपल्या घरातल्या लहान मुलालाही हे पाहून कळेल की हा महाल नव्हे, मकबरा आहे. इथे दफन आहे तो मुर्तजा निजामशहाचा (1565-1588) वजीर, दुसरा सलाबतखान. राजा राज्यकारभारातून अंग काढून बसलेला असताना या वजिराने राज्य सांभाळले. प्रसिद्ध इतिहासकार फरिश्ता तेव्हा नगरच्याच दरबारात होता आणि त्याने या कारभाराची तारीफ लिहून ठेवली आहे. पण लोकांच्या जिभेवर वजिराचे नाव टिकले नाही, राणीचे टिकले. गंमत म्हणजे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत इमारत सलाबतखानाचीच आहे.

व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी विचारले, "मग चांदबीबीने तेजाबाच्या विहिरीत उडी घेतली, तेही खोटेच का?" खोलीत हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. हीच गोष्ट दादीने आम्हाला कितीदा सांगितली होती. दुसरी गोष्ट त्याहून लाडकी: तोफगोळे संपले तेव्हा राणीने तांब्याची नाणी, मग चांदीची, मग सोन्याची आणि शेवटी जवाहीर तोफेत भरले. दख्खनमध्ये ही कथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

माझे म्हणणे एवढेच की जे घडले ते या गोष्टींपेक्षा मोठे आहे. चांदबीबी ही हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम. 1580 मध्ये विधवा झाल्यावर तिने विजापुरात लहान पुतण्या इब्राहीमसाठी कारभार पाहिला. पुढे माहेरी परतली, तर इथे गादीवरून भांडणे. 1595 च्या अखेरीस शहजादा मुरादचे मोगल सैन्य नगरच्या किल्ल्याला भिडले. तटाखाली सुरुंग घातले गेले. आतल्यांनी काही शोधून निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. तेव्हा राणी बुरखा घालून, हातात तलवार घेऊन खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात भिंत पुन्हा चढवून घेतली. 1596 मध्ये तह झाला. वऱ्हाड द्यावे लागले, नगर वाचले. हा सौदा करताना तिने काय गिळले असेल, ते तोफेत मोती भरण्याच्या कथेत येत नाही.

1600 मध्ये मोगल पुन्हा आले. आता लढण्यात अर्थ नाही, बोलणी करावीत असे तिचे मत पडले. 'राणी फितूर झाली' अशी हूल उठवली गेली आणि तिच्याच माणसांनी तिला मारले. विहिरीच्या गोष्टीत तिला कोणी मारत नाही, ती स्वतःच उडी घेते. कथेने मारणाऱ्यांची किती सोय केली पाहा!

हे सारे ज्या ग्रंथांतून कळते ते बहुतेक फारसीत आहेत. 1910 साली पुण्यात राजवाड्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू केले. तिथे ग. ह. खरे यांनी फारसी साधने मिळवली, वाचली, छापली. सेतुमाधवराव पगडींनी तर फारसी इतिहास मराठीत आणण्यात वर्षे घातली. ही माणसे फारसी मुद्दाम शिकली. आमच्या घरांत ती आजोबांपर्यंत होती. त्या दिवशी वक्त्यांनी एका शिलालेखाचा फोटो दाखवून विचारले, "कोणाला वाचता येईल का?" खोलीत आम्ही चौघे-पाच मुसलमान होतो. चारचौघे आमच्याकडे वळून पाहू लागले. मला तीन शब्द लागले. त्या लेखाची अक्षरे शाळेतल्या उर्दूच्या नस्तालीकपेक्षा वेगळी, एकात एक गुंतवलेली असतात. त्यांची नजर बसावी लागते.

आणि कागद? आपल्याकडे जुन्या संदुकीत सनदा, इनामाचे कागद, निकाहनामे असतात. पावसाळ्यात वाळवी लागली की 'कोण वाचतंय आता' म्हणून ते विहिरीत किंवा नदीत सोडले जातात. कुराणशरीफच्या जीर्ण पानांसाठी ती रीत ठीक आहे. जमिनीच्या सनदेला ती कशाला लावायची? मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवायला पाच मिनिटे लागतात.

पुढच्या महिन्यात मंडळात शिलालेखांवरच बोलणे आहे. आठवीतल्या दोन मुलींना मी बरोबर नेणार आहे. एकीच्या अम्मीने विचारले, "तिथे बायका असतात का?" मी म्हटले, "असतात. आणि पुढच्या रांगेत जागाही असते."