दसऱ्याच्या हाराआधी वंगण



हंगाम आटोपून धुराडे थंड झाले की कारखान्यात दुसरे काम सुरू होते. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, पंप-मोटारी खोलून बेअरिंगे पाहिली जातात. चालत्या यंत्राला हात कशाला लावता, असे तेव्हा कोणी म्हणत नाही. उलट ऑफ सीझनच्या कामात कसर राहिली आणि ऐन हंगामात मिल बंद पडली, तर सर्वसाधारण सभेत आपणच उभे राहून जाब विचारतो. विचारायलाच पाहिजे. पण तोच ऊस गव्हाणीपर्यंत आणणारा आपल्या दारातला ट्रॅक्टर मात्र वाहतुकीतून सुटला की नांगरटीला, नांगरटीतून पेरणीला आणि तिथून थेट दसऱ्याच्या पूजेला येतो. पाणी मारायचे, हार घालायचा, लिंबू बांधायचे, की झाला तयार. फिल्टरचे काय, म्हणून विचारावे तर उत्तर ठरलेले : "चालतंय तवर चालू द्या हो, बंद पडल्यावर बघू."

बंद पडल्यावर काय होते ते पाथरी, मानवत, गंगाखेडच्या रस्त्यांवर आपण पाहतोच. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस असतो. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, हे शाळकरी पोरालाही आता पाठ आहे. रस्त्याकडेला तो दोन दिवस उभा राहिला की वाळून वजन घटते आणि आतली साखर मोडायला लागून उतारा पडतो. वजनाची घट ज्याचा ऊस त्याची. उताऱ्याची घट मात्र थोडीथोडी आपणा सर्वांची, कारण एफआरपी कारखान्याच्या उताऱ्याशी बांधलेली आहे. तेव्हा 'माझा ट्रॅक्टर, माझी मर्जी' हे म्हणणे आम्हांला मान्य नाही.

बैलगाड्या होत्या तेव्हा आपण असे नव्हतो. गाडी जुंपायच्या आधी आखाला वंगण पडायचेच. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी व्हायची, बैल लंगडण्याआधी पत्री बघितली जायची. ट्रॅक्टर आला आणि ही नजर कुठे गेली कोण जाणे.

सगळ्यांत मोठा शत्रू धूळ. आपली काळी जमीन. हंगामात फडातली वाट चाकांखाली तुडवून तुडवून पिठासारखी होते, आणि इंजिन श्वासाबरोबर ती ओढत असते. जुन्या ट्रॅक्टरांच्या एअर क्लीनरखाली तेलाची वाटी असते, धूळ तिथे अडते. त्या वाटीत तेलाचा चिखल झाला की धूळ पुढे सरकते, लायनर आणि पिस्टनच्या रिंगा घासते, इंजिन ऑइल प्यायला लागते. धूर निळा आला, चढाला ताकद कमी पडली, की मिस्त्री सांगतो, इंजिन खोला. वाटी धुऊन खुणेपर्यंत ताजे तेल भरायला मात्र अर्धा तासही लागत नाही. नव्या ट्रॅक्टरांना कागदी फिल्टर असतात. त्यातला आतला छोटा फिल्टर साफ करून पुन्हा बसवायचा नसतो, बदलायचाच असतो. काटकसर करायला दुसऱ्या जागा पुष्कळ आहेत.

इंजिन ऑइल मीटरवरच्या तासांप्रमाणे बदलावे, तिथीप्रमाणे नव्हे. हंगामात रात्रंदिवस चालणाऱ्या गाडीचे तास केव्हा भरतात ते कळतही नाही. रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा चुरा बसतो, तो रोज काढावा. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. डिझेल संध्याकाळीच भरून ठेवावे, म्हणजे रिकाम्या टाकीत रात्री दव धरून पाणी होत नाही.

ब्रेकबद्दल जरा थांबून बोलू. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, ते शेतात वळण्यासाठी. रस्त्यावर दोन्ही पायडल कडीने जोडलेच पाहिजेत, आणि दोन्ही ब्रेक सारखे लागतात का ते पाहिले पाहिजे. एक ताठ नि एक ढिला असला, तर ऐन वेळी मागच्या ट्रॉल्यांचा रेटा ट्रॅक्टरला एका अंगाला फिरवतो. हुकाची पिन झिजलेली, मागचा लाल दिवा गेलेला, लाल पट्टी असली तरी तीवर वाढे लोंबताहेत, अशा ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. मागून मोटारसायकलवर येणारा आपल्याच गावचा कोणीतरी असतो.

दारात चारचाकी आलेल्यांनाही थोडे सांगायचे आहे. मोटार आठ-आठ दिवस उभी राहते आणि नेमकी रात्री पेशंट घेऊन परभणी-नांदेड गाठायच्या वेळी बॅटरी उतरलेली, स्टेपनीत हवा नाही, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. ब्रेकचे ऑइल हवेतली ओल धरते, म्हणून गाडी कमी फिरली तरी ते मुदतीत बदलावे लागते.

आता ड्रायव्हरची बाजू. त्याला खेपेवर पैसे मिळतात. ग्रीस मारायला थांबला तर त्याचीच खेप बुडते. मालक गावात, गाडी रस्त्यावर. अशा व्यवस्थेत नुसत्या ड्रायव्हरला बोल लावणे न्यायाचे नाही. आणि पावसाळ्यात हाती पैसा नसतो, हेही खरे.

म्हणून आमची सूचना अशी. वाहतुकीचा करार करताना कारखाना आर. सी. बुक, विमा, जामीनदार सगळे तपासतो. त्याच वेळी ब्रेक, हुक, दिवे आणि टायरही तपासावेत. उचलीतला एक हिस्सा दुरुस्तीसाठी राखून बिल दाखवल्यावर द्यावा. काही वाहतूकदार बंधूंना हे जाचक वाटेल, पण पैसा त्यांचाच आहे आणि त्यांच्याच गाडीवर खर्च व्हायचा आहे. कृषी विद्यापीठ १९७२ पासून परभणीत आहे, कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालयही तिथेच आहे. खरीप मेळाव्याला आपण नव्या अवजारांभोवती गर्दी करतो. तिथल्या जाणकारांना हंगामापूर्वी दोन दिवस बोलावून ड्रायव्हरांचा वर्ग घ्यावा, आणि त्या दोन दिवसांची हजेरी कारखान्याने द्यावी.

शिवाय यार्डात नंबर लागेपर्यंत गाड्या तासन्‌तास उभ्या असतात. हा वेळ फुकट जातो, यात कारखान्याचाही दोष आहे. तिथे हवा भरण्याचे यंत्र, ग्रीसचा पंप आणि एक फिटर दोन्ही पाळ्यांत ठेवावा, आणि फिटरचे नाव व वेळ काट्याजवळच्या फळ्यावर लिहावी. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. ज्यांना पटत नसेल त्यांनीही सभेला यावे.