दहावीचे अर्थनियोजन आणि मुकादमाची उचल

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात 'अर्थनियोजन' नावाचे एक प्रकरण आहे. २०१८ साली आलेल्या या पुस्तकात विद्यार्थी वस्तू व सेवा कराची आकडेमोड शिकतो. शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव यांतील फरक, दलाली, म्युच्युअल फंड आणि एसआयपी हेही शिकतो. हे शिकवू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. सावकारी व्यवहाराचे गणित ज्यांना येत नव्हते ते त्याच व्यवहारात नागवले गेले, हा आपला जुना इतिहास आहे. प्रश्न वेगळाच आहे. बीड जिल्ह्यातील ज्या वर्गात हे प्रकरण शिकवले जाते, त्या वर्गातील कित्येक मुलांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. त्या घरात शेअर कधी आलेला नसतो. येते ती मुकादमाची उचल.

या उचलीचे गणित दहावीच्या मुलाला अवघड नाही. समजा, नवराबायकोच्या एका कोयत्याने पन्नास हजारांची उचल घेतली. तोडणीचा दर सोयीसाठी टनाला ३५० रुपये धरू आणि दिवसाची तोड दोन टन. रोजचे ७०० रुपये झाले. म्हणजे उचल फिटायला ७२ दिवस लागतात. यात आजारपण नाही, आठवड्याची खर्ची नाही, खाड्यापोटी होणारी कपात नाही. ते सगळे धरले की हंगाम संपतो आणि बाकी उरते. पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे का जावे लागते, हा प्रश्न मुलाला मग कोणी सुचवावा लागत नाही. मजुरी आगाऊ मिळण्याची किंमत काय असते आणि वाटाघाटीची ताकद कुणाच्या हाती जाते, हे अर्थशास्त्राचे धडे त्या हिशेबातच दडलेले आहेत.

चक्रवाढ व्याज आपण मुलांना बहुतेक ठेवीदाराच्या बाजूने शिकवतो. कर्जदाराच्या बाजूने ते मांडून पाहावे. दहा हजारांच्या कर्जावर 'सरसकट बारा टक्के' म्हणून वर्षाचे १,२०० रुपये व्याज लावले आणि बारा समान मासिक हप्त्यांत वसूल केले, तर खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. कारण मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र मूळ रकमेवरच आकारलेले असते. असे हप्ते भरणाऱ्या बाईच्या मुलीला हे सूत्र एसआयपीच्या आधी ठाऊक हवे. वस्तू व सेवा कराचेही तसेच. केंद्राचा निम्मा आणि राज्याचा निम्मा अशी विभागणी मुले बिनचूक करतात. पण साबणाच्या वडीवर मजूर आणि कारखानदार सारखाच कर भरतात, मग तो कुणाच्या मिळकतीचा किती हिस्सा झाला, ही पुढची पायरी वर्गात कोणी चढत नाही.

गणितात जे नाही ते समाजशास्त्रांत असेल म्हणावे, तर तिथेही निराशाच पदरी येते. पूर्वी दहावीत भूगोलाच्या जोडीला अर्थशास्त्र होते. नव्या रचनेत ते नववीच्या भूगोलात 'अर्थशास्त्राशी परिचय' अशा एका पाठापुरते उरले, आणि दहावीच्या भूगोलाने भारत व ब्राझील यांच्या तुलनेचा मार्ग धरला. ती तुलना उद्बोधक आहे. पण ब्राझीलचे दरडोई उत्पन्न सांगू शकणाऱ्या मुलाला आपल्या तालुक्यातील शेतमजुरीचा दर माहीत नसावा, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे. अर्थशास्त्र स्वतंत्र विषय म्हणून भेटते ते अकरावी-बारावीत. तिथे उपयोगिता, मागणीची लवचिकता आणि निर्देशांक येतात, तेही हा विषय निवडणाऱ्यांपुरतेच. दहावीनंतर कामाला लागणारा मुलगा आणि विज्ञान शाखेकडे वळणारा मुलगा, दोघेही या विषयावाचून नागरिक होतात.

हे असेच असले पाहिजे असे नाही. एनसीईआरटीने २००६ साली नववीसाठी काढलेले अर्थशास्त्राचे पुस्तक पालमपूर या कल्पित गावापासून सुरू झाले. त्या कथनाला बुलंदशहर जिल्ह्यातील एका खऱ्या गावाच्या अभ्यासाचा आधार होता. गावात ४५० कुटुंबे. त्यांतील सुमारे १५० भूमिहीन आणि बहुतांश दलित. सरकारने ठरवलेल्या किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत राबणारा डाला नावाचा मजूर त्यात भेटतो, आणि असे का होते हे पुस्तक सांगते: काम थोडे, हात फार. एवढ्या साध्या भाषेत मजुरीचा सिद्धान्त मांडता येतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात विलायती अर्थशास्त्राचे नियम हिंदुस्थानच्या परिस्थितीला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे बजावले होते. आमच्या माध्यमिक शाळांपर्यंत ते व्याख्यान अद्याप पोहोचलेले दिसत नाही.

याचा दोष शिक्षकांच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु भूगोल किंवा इतिहास घेऊन पदवीधर झालेल्या माणसाला एका उन्हाळी प्रशिक्षणात अर्थशास्त्र येत नाही. आणि ज्या पाठाला परीक्षेत गुण नाहीत तो पाठ शाळेत शिकवला जात नाही, हे सर्वांनाच ठाऊक आहे.

थोडे आपल्या बाजूचेही बोलले पाहिजे. आपल्या अभ्यासवर्गांतून आपण तरुणांना निष्कर्ष आधी दिले, हिशेब नंतर. पुष्कळदा हिशेब दिलाच नाही. 'शोषण' हा शब्द पाठ असलेल्या कार्यकर्त्याला टनामागची तोडणी आणि मुकादमाचे कमिशन विचारले की तो गडबडतो. तेव्हा शाळेत आपली घोषणा जावी, अशी मागणी करण्याचा अधिकार आपल्याला नाही. मुलांनी रेशनच्या दुकानातील भाव, बाजार समितीतील पट्टी, घरच्या कर्जाचा हप्ता स्वतः लिहून आणावा आणि स्वतः मांडावा. उत्तर आपल्या मनाजोगे आले नाही तरी चालेल. घरच्या कर्जाची वर्गात वाच्यता होऊ नये यासाठी आकडे निनावी ठेवावेत, एवढे भान मात्र शिक्षकाने राखावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले आणि त्यापाठोपाठ अभ्यासक्रमांच्या फेररचनेला सुरुवात झाली. या निमित्ताने नववी-दहावीत मजुरी, कर्ज, भाव आणि कर या चार गोष्टींना गुणांसह जागा मिळावी, यासाठी शिक्षक संघटनांनी आणि शाळा समित्यांवर बसणाऱ्या आपल्या साथींनी मंडळाकडे पाठपुरावा केला पाहिजे. आणखी एक बारीक सूचना. हा भाग पहिल्या सत्रातच घ्यावा. दिवाळीनंतर ज्यांच्यासाठी तो आहे त्यांतील किती मुले बाकांवर असतील, याची खात्री बीडमध्ये कोणी देऊ शकत नाही.