नवीन काय आलंय?

आमच्या हॉस्टेलवर दोन गोष्टी साथीसारख्या येतात. एक म्हणजे डोळे आणि दुसरी म्हणजे नवीन फ्रेमवर्क. डोळ्यांची साथ निदान आठवड्याभरात जाते. फ्रेमवर्कची साथ कँपसचा सीझन संपेपर्यंत हटत नाही. एका खोलीत एकीने शिकायला घेतलं की रात्री बारापर्यंत अख्ख्या विंगमध्ये पसरतं. "अगं, नुसतं रिॲक्टच करतेयस अजून? नेक्स्ट शिक ना!" दुसरी म्हणते नेक्स्ट नको, स्वेल्ट बघ. तिसरी कुणाचा तरी सहा तासांचा व्हिडिओ दीडपट वेगाने लावून बसलेली असते. आणि चौथी बिचारी रडकुंडीला आलेली असते, कारण तिचा मागच्या सेमचा प्रोजेक्ट अँग्युलरमध्ये आहे आणि "ते आता कोण वापरतं?" असं तिला कुणीतरी जेवताना ऐकवलेलं असतं. (पुष्कळ कंपन्या वापरतात, पण मेसमधल्या बातमीला पुरावा लागत नाही.)

तर मित्रमैत्रिणींनो, माझं म्हणणं असं की अपडेट राहणं वेगळं आणि नवीन नाव माहीत असणं वेगळं. आपण नावंच गोळा करत बसलोय. वेब डिझाइनमध्ये गेल्या दहा-पंधरा वर्षांत खरंच खूप काही बदललंय आणि ते शिकायलाच हवं. पण जे बदललंय तिकडे आपलं लक्षच नाही.

थोडा इतिहास सांगते. (व्हायवाला विचारत नाहीत, घाबरू नका.) गूगलचं अँग्युलरजेएस २०१० साली आलं. लोकांनी ते घासूनपुसून पाठ केलं आणि सप्टेंबर २०१६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली ती जवळजवळ नवीनच वस्तू होती. जुन्याचा सपोर्ट २०२१ च्या अखेरीस संपला. रिॲक्ट शिकणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी जी आज्ञा टाइप केली ते 'क्रिएट रिॲक्ट ॲप' २०१६ चं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टवाल्यांनीच जाहीर केलं की नवीन कामासाठी हे वापरू नका. फ्लॅशचं तर विचारूच नका. एके काळी 'फ्लॅश डिझायनर' ही चांगली नोकरी होती म्हणे. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने दुकान बंद केलं आणि जानेवारीत ते चालायचंच थांबलं.

आता दुसरी बाजू बघा. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ च्या सुमारास जे पहिलं संकेतस्थळ केलं, त्याची प्रत आजही तुमच्या फोनवर उघडते. विनातक्रार! सीएसएसची कल्पना होकोन ली यांनी १९९४ मध्ये मांडली, तिच्यात तेव्हापासून भर पडत गेली, पण जुनं मोडलं नाही. ब्राउझर बनवणारी मंडळी या बाबतीत आपल्या आजीसारखी आहेत, काहीच टाकून देत नाहीत. लॅबमध्ये आपण ते सरकणाऱ्या अक्षरांचं 'मार्की' केलं होतं ना, ते केव्हाच बाद ठरलंय, तरी अजून सरकतंय. म्हणजे एचटीएमएल, सीएसएस आणि साधी जावास्क्रिप्ट यांत घातलेला वेळ वाया जाण्याची भीती जवळपास नाही. इतकी खात्री मला आमच्या सिलॅबसमधल्या दुसऱ्या कुठल्याच विषयाबद्दल देता येणार नाही.

मग नवीन काय? तर नवीन हेच, की ज्या गोष्टींसाठी पूर्वी मागच्या दाराने जावं लागायचं, त्या आता ब्राउझर स्वतःच करतो. पूर्वी पानाची मांडणी टेबलांनी करायचे, पानाचं पान एक्सेलच्या शीटसारखं. मग फ्लोट आलं आणि ते निस्तरायच्या युक्त्या. मग फ्लेक्सबॉक्स. आणि मार्च २०१७ मध्ये ग्रिड आलं, ते क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत एकाच महिन्यात. एक चौकोन पानाच्या मधोमध ठेवणं हा ज्या क्षेत्रात वर्षानुवर्षं चेष्टेचा विषय होता, तिथे आता ते दोन ओळींत होतं. २०१० च्या मे महिन्यात ईथन मार्कोट यांनी लेख लिहून सांगितलं की फोनसाठी वेगळं आणि संगणकासाठी वेगळं संकेतस्थळ कशाला, एकच पान पडद्याप्रमाणे बदलू द्या. आज ते आपल्याला इतकं उघड वाटतं की कुणाला तरी ते सुचावं लागलं होतं हेच विसरायला होतं. जेक्वेरी २००६ ची. तेव्हा दर ब्राउझरची तऱ्हा वेगळी होती, त्यामुळे तिची खरीच गरज होती. आता तिची बरीचशी कामं ब्राउझरच करतो, तरी आपल्या प्रोजेक्टमध्ये ती असतेच. का, तर सिनियरच्या प्रोजेक्टमध्ये होती.

मला विचाराल तर अपडेट राहण्याचा खरा फायदा काढून टाकण्यात आहे. पॉपअपसाठी आणलेली लायब्ररी काढता येते, कारण 'डायलॉग' हा टॅगच आलाय. आतल्या चौकोनावरून बाहेरच्या चौकोनाला रंग द्यायला जावास्क्रिप्ट लागायची, ती काढता येते, कारण सीएसएसमधलं 'हॅज' डिसेंबर २०२३ पासून फायरफॉक्समध्येही चालतं. कुठली गोष्ट बिनधास्त वापरावी हे कळायला व्हिडिओ बघायची गरज नाही. एमडीएनच्या पानांवर वरच 'बेसलाइन' नावाची खूण असते. सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये येऊन एखाद्या गोष्टीला ३० महिने झाले की ती सर्वत्र उपलब्ध धरतात. महिन्यातून एकदा तासभर ते चाळलं तरी पुरतं. उरलेल्या वेळात झोपा काढा, तब्येतीला बरं.

हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीने का लिहितेय त्याला कारण आहे. मागच्या वर्षी माझ्या रूममेटच्या धाकट्या भावाला एक प्रवेशाचा फॉर्म भरायचा होता. कुठला, कुणाचा ते सांगत नाही. भाऊ गावाकडे, हातात वडिलांचा फोन, त्याची काच तडकलेली, रेंज अंगणातल्या एका कोपऱ्यात. पान उघडायचं ते पांढरंच राहायचं. मधोमध एक गोल फिरतोय, फिरतोय. चौथ्यांदा उघडलं तर पुढे जायचं बटण पडद्याच्या बाहेर. ही इथून फोनवर सांगतेय, "खाली सरक, अजून खाली," आणि तो तिकडून म्हणतोय, "ताई, खाली काहीच नाही गं." दुसऱ्या दिवशी वडिलांनी रोज बुडवला, दोघं एसटीने तालुक्याला गेले, सेंटरवाल्याला पैसे देऊन फॉर्म भरला. शेवटची तारीख तीच होती.

नंतर आम्ही दोघींनी ते पान लॅपटॉपवर उघडून बघितलं. सगळं एकदम मॉडर्न होतं हो! सर्व्हरकडून येणारं पान रिकामं, आत नुसता एक डबा, आणि त्या डब्यात काय भरायचं ते सांगणारी जावास्क्रिप्टची भली मोठी फाइल मागून येणार. ती पूर्ण उतरेपर्यंत आणि फोनला ती वाचून होईपर्यंत पान पांढरं. आपल्या लॅपटॉपवर हे दोन सेकंदांत होतं म्हणून आपल्याला कळत नाही. स्वस्त फोनला नुसती फाइल उतरवून भागत नाही, ती चालवायलाही त्याची दमछाक होते. आणि होतं काय त्या पानात? नाव, पत्ता, मार्क्स, फोटो. असा फॉर्म भरून पाठवायची सोय एचटीएमएलमध्ये १९९५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. ज्याने कुणी ते पान केलं तो माणूस आपल्यासारखाच असणार, अपडेटेड, रेझ्युमेवर चार फ्रेमवर्कची नावं असलेला. म्हणून मला त्याचा राग कमी आणि आपली काळजी जास्त वाटते.

फक्त हळू फोनचाच प्रश्न नाही. ज्यांना दिसत नाही ते स्क्रीन रीडरने पान ऐकतात, आणि फॉर्मच्या रकान्याला 'लेबल' नसेल तर तो वाचणारा आवाज काय भरायचं ते सांगूच शकत नाही. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं डिझाइनवाल्यांना फार आवडतात. पण नियमावली म्हणते साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा. ही नियमावली म्हणजे डब्ल्यूसीएजी, तिची २.२ आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ची. फ्रेमवर्कची आवृत्ती तोंडपाठ असणाऱ्या किती जणांनी हिचं नाव ऐकलंय? ३० एप्रिल २०२५ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टी नसलेल्या लोकांनी ते प्रकरण नेलं होतं. केवायसी करताना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटा म्हणतात, ती त्यांना मिटताच येत नव्हती. बटणाचा रंग आणि फॉर्मचं लेबल या गोष्टी आता घटनेपर्यंत पोहोचल्यात, आणि आपण अजून नेक्स्ट की स्वेल्ट यावर भांडतोय.

आणि आपली मराठी! कॉन्व्हेंटमध्ये मराठी मला तिसरी भाषा होती, त्यामुळे जोडाक्षरांची मला शाळेत भीती वाटायची. वेबवर बघितलं की त्यांची दया येते. सगळ्या युक्त्या इंग्रजीत लिहिलेल्या आणि इंग्रजी अक्षरांसाठी केलेल्या. टेंपलेटमध्ये मथळ्याला छान दिसावं म्हणून लेटर-स्पेसिंग दिलेलं असतं. तेच मराठी मथळ्याला लावलं की शिरोरेखा तुटते आणि अक्षरं दात पडल्यासारखी दिसतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर वरची वेलांटी नाहीतर खालचा उकार कापला जातो. 'स्त्री' या शब्दाची लांबी जावास्क्रिप्टला विचारा, ती सहा सांगते, आपल्याला अक्षर एकच दिसतं. म्हणून "नाव वीस अक्षरांत लिहा" म्हणणारा फॉर्म मराठी नावाला मध्येच कात्री लावतो. सगळ्यात मजा 'ॲ'ची. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण ॲ ला स्वतःची जागा मिळाली २००८ साली. त्यामुळे 'ॲडमिशन' हा शब्द दोन-तीन प्रकारांनी टाइप केलेला सापडतो, डोळ्यांना सारखाच दिसतो, पण साध्या सर्चमध्ये एक शोधला की दुसरा सापडत नाही. पानाची भाषा मराठी आहे एवढं एचटीएमएलमध्ये सांगितलं, तर ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, हिंदीच्या वळणाचे नाही. एका शब्दाचं काम आहे. अमेरिकेत बसून कोर्स विकणारा माणूस हे आपल्याला सांगणार नाही, हे इथेच कुणीतरी शिकायला पाहिजे. मुंबईच्या एक टाइपवाल्यांनी मुक्ता आणि बलू हे फाँट करून फुकट ठेवलेत. निदान ते तरी वापरूया.

आता कुणीतरी म्हणेल, बाई, हे सगळं एआय लिहून देतं, तू कशाला डोकं फोडतेस? देतं ना. मीही मागते. मागच्या आठवड्यात एक फॉर्म मागितला तर झकास दिसणारा फॉर्म आला. बटण म्हणून साधा डिव्ह, कीबोर्डने त्यावर जाताच येत नाही. लेबल एकाही रकान्याला नाही, आणि मराठी मथळ्याला लेटर-स्पेसिंग! मला हे माहीत होतं म्हणून दिसलं. माहीत नसतं तर मी तसंच सबमिट केलं असतं आणि मार्क्सही मिळाले असते.

मार्कांवरून आठवलं. सर आणि मॅडम हे पान वाचतात असं ऐकून आहे, म्हणून नम्र विनंती. आमच्या जर्नलमध्ये अजून फ्रेमसेटचं प्रॅक्टिकल आहे. २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये फ्रेमसेट बाद झालंय. ते काढून त्या जागी एवढंच ठेवा: एक फॉर्म करा, माऊसला हात न लावता भरून दाखवा, मराठीत भरून दाखवा, आणि ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करून किती वेळ लागतो ते लिहा. ऑब्झर्वेशन टेबल आपोआप तयार! कॉपी करायलाही अवघड, कारण प्रत्येकाचे आकडे वेगळे येणार.

आणि गॅदरिंगच्या वेब कमिटीला एक. दरवर्षी नवीन फ्रेमवर्कमध्ये नवीन संकेतस्थळ, आणि एप्रिलमध्ये ते बंद, ही परंपरा यंदा मोडूया. गेल्या वर्षीचं जे आहे त्यातलं नको ते काढूया, रजिस्ट्रेशनचा फॉर्म साध्या एचटीएमएलमध्ये करूया आणि पोस्टर लागायच्या आधी तो एखाद्या जुन्या फोनवर भरून बघूया. फोनची सोय मी केली आहे. मेसच्या काकांनी त्यांचा द्यायचं कबूल केलंय, फक्त दुपारी दोन ते चार, कारण त्यानंतर त्यांना भाजीवाल्याचे फोन येतात.