आरपार दिसणारे काम

पुतण्याच्या स्टेशनरीच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर त्याच्या मुलाने छोटे लेथ मशीन बसविले आहे. तेथे तो हाताने पेने घडवितो. गेल्या दिवाळीपूर्वी एका ग्राहकाने भेटीदाखल देण्यासाठी बारा पेने मागविली. मात्र ती पारदर्शक रेझीनची हवी होती.

पेनाच्या कामाची रीत सरळ आहे. रेझीनच्या तुकड्यास आरपार भोक पाडून त्यात पितळी नळी चिकटवायची आणि मग लेथवर बाहेरचा आकार द्यायचा. टोक, क्लिप इत्यादी भाग पुढे या नळीतच दाबून बसतात. लाकडी पेनात हे चिकटकाम झाकले जाते. पारदर्शक रेझीनमध्ये नळी दिसते, गोंद दिसतो आणि त्यात अडकलेला हवेचा बुडबुडाही दिसतो.

मुलाने सवयीप्रमाणे नळीला बाहेरून रंग दिला आणि सुपरग्लूने ती बसविली. नळी आत सरकताना रंग खरवडला गेला. गोंद क्षणात धरल्यामुळे तो सर्वत्र पसरलाच नाही. पॉलिश चढताच हे सारे दोष उघडे पडले.

"आजोबा, उद्या माल द्यायचा आहे. इतक्या बारकाईने कोण पाहणार?" त्याने विचारले.

माझी हयात बँकेत कर्जदारांचे ताळेबंद वाचण्यात गेली. ताळेबंदात जे झाकलेले असे, तेच पुढे खाते बुडवीत असे. मी त्याला एवढेच सांगितले, "निदान ग्राहकाला दाखवून तर विचार."

पुतण्याने स्वतः दूरध्वनी केला. ग्राहकाने आठ दिवसांची मुदत दिली, पण चार पेने कमी केली. चिकटलेली नळी पुन्हा निघत नाही. त्यामुळे बाराही तुकडे नुकसानखाती गेले.

दुसऱ्या खेपेस मुलाने घाई केली नाही. रेझीन तापून तडकू नये म्हणून थांबून थांबून, भुगा काढीत भोक पाडले. रंग नळीला न देता भोकाच्या आतील भिंतीला दिला व तो पूर्ण वाळू दिला. रंगाच्या थराने भोक अरुंद होते, म्हणून नळी आधी कोरडीच घालून पाहिली. नळीचा पृष्ठभाग सँडपेपरने खरखरीत केला, स्पिरिटने पुसला आणि गोंद आत शिरू नये म्हणून तिची टोके मेणाने बुजविली. मग सावकाश घट्ट होणारे, दोन घटकांचे इपॉक्सी भोकात आणि नळीवर लावून नळी हलकेच फिरवीत आत सरकविली. लेथला हात लावला तो दुसऱ्या दिवशी.

आठ पेने वेळेवर गेली. ग्राहकाने प्रत्येक पेन उजेडासमोर धरून पाहिले.

बिघडलेल्यांपैकी एक पेन मी मागून घेतले. लिहिण्यात त्याचा काहीच दोष नाही. हा मजकूर त्यानेच लिहिला आहे. मात्र आतील तो पांढुरका डाग प्रत्येक ओळीला माझ्या डोळ्यांसमोर येतो.